उठली की सांगते

दार ती कधी पुरतं उघडायचीच नाही. चार बोटांची फट, त्या फटीत अर्धा चेहरा, एक डोळा आणि खांद्यावरून पुढं आलेली वेणी. आपण तोंड उघडायच्या आत तिचं उत्तर तयार असायचं. "मम्मी झोपलीय. उठली की सांगते."

सकाळी जा, हेच. दुपारी जा, हेच. गॅसवाला येवो, गणपतीच्या वर्गणीची पोरं येवोत, गावाकडचा पाहुणा येवो, वाक्यात काडीचा फरक नाही. आवाज मात्र असा ठणठणीत, की ऐकणाऱ्याला वाटावं, खरंच बाई जरा आडवी झालीय. घटकाभरात उठेल, पदर खोचेल आणि चहा टाकेल. मीसुद्धा पहिल्या पहिल्यांदा तशीच परत फिरायचे. "बरं. सांग मात्र," म्हणायचे. "सांगते ना आजी," म्हणायची, आणि फट बंद.

गल्लीत तिचं नाव पडलं वकीलबाई. ठेवलं रझियाआपानं, म्हणजे माझ्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या शेजारणीनं. "अम्मी कुच बोलतीच नै, पूरा केस ये छोकरीच लडती," असं म्हणाली आणि तेच चिकटलं. पोरीलाही ते आवडायचं, असं मला वाटतं. खरं नाव मी इथं लिहीत नाही. तिच्या घराचं आधीच पुष्कळ उघड्यावर आलंय.

पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुम्हाला कळायचं नाही. आमची गल्ली गारखेड्यातली. घरं समोरासमोर, मधून रिक्षा जेमतेम जाईल एवढीच जागा. समोरच्या कुकरची शिट्टी झाली की आपण आपला गॅस बंद करायला उठावं, इतकी जवळीक. त्या समोरच्या घरात चौघं. बाप टुरिस्टची गाडी चालवायचा. स्टेशनवरून माणसं घ्यायची, एक दिवस वेरूळ दाखवायचं, दुसऱ्या दिवशी अजिंठा. बोलणं कमी, हसणं त्याहून कमी, पण माणूस सज्जन. त्याची बायको मंगल. थोरला मुलगा दादू, आणि त्याच्या पाठची ही वकीलबाई.

मंगल तेव्हा कशी होती ते सांगितल्याशिवाय पोरगी कळणार नाही. उन्हाळा लागला की अख्ख्या गल्लीचे उडदाचे पापड मंगलच्या पोर्चमध्ये व्हायचे. ती मुकादम. कुणाची लाटी मोठी, कुणाचा पापड जाड, सगळ्यांवर तिची नजर. "काकू, पापड लाटताय का भाकरी थापताय?" असं मला तोंडावर सुनवायची, मी तिच्या सासूच्या वयाची, पण गुमान दुसरी लाटी घ्यायचे. आवाज चौकापर्यंत जाणारा. आणि त्याच आवाजात, दादूनं स्कुटी काढली की, "दादू, टोपडं घाल!" टोपडं म्हणजे हेल्मेट. मिशा फुटलेलं पोर आम्हा बायांपुढं लाजून लाल व्हायचं, पण घालायचं.

त्या उन्हाळ्यात पीठ परातीत काढलं आणि पापडखाराचा डबा उघडला, तर तळाला चिमूटभर. मंगल म्हणाली, "दादू, पटकन पापडखार आण रे बाबा." चौकातलं दुकान बंद होतं म्हणून तो बायपासकडं गेला. मंगलचे हात पिठात, आम्ही बाया कशावरून तरी हसत होतो. टोपडं घाल, एवढं म्हणायचं त्या दिवशी राहून गेलं. टोपडं खिळ्याला तसंच लटकलेलं. बायपासला वाळूची गाडी मागून आली. पुढचं काय लिहू? संध्याकाळी मी त्या घरात गेले तेव्हा परात तिथंच होती आणि पिठावर माश्या बसल्या होत्या. मी ती परात उचलून पिठासकट आमच्या घरी आणली. दुसरं काय करावं ते सुचलं नाही.

तेरावा झाला, पाहुणे पांगले आणि मंगल आडवी झाली. आम्हाला वाटलं, थकवा आहे. मग वाटलं, दुःख आहे, हळूहळू उतरेल. लेकरू गेलेल्या बाया मी पाहिल्यात. ऊर बडवतात, देवाला शिव्या घालतात, आणि एक दिवस उठून चूल पेटवतात, कारण बाकीच्यांच्या पोटाला लागतं. मंगल रडायचीच नाही. भिंतीकडं तोंड, गुडघे पोटाशी. हाक मारली तर डोळे उघडायची आणि ते डोळे आपल्यावर न थांबता पलीकडं जायचे. बाप गाडीवर जायचा. न जाऊन सांगता कुणाला? घरात उरली अकरावीतली पोरगी. तिनं आईचा खटला अंगावर घेतला.

आमच्याकडं शेजारची वाटी रिकामी परत करत नाहीत. मी काही दिलं की दोन दिवसांत माझी वाटी भरून यायची. येसराची, म्हणजे भाजलेल्या डाळी-मसाल्याच्या पिठाची आमटी, कधी मेथीची भाजी, कधी शिरा. वाटी ओट्यावर ठेवून वकीलबाई सांगायची, "मम्मीनं केलंय." मंगलच्या हाताचं येसर अख्ख्या गल्लीला ठाऊक. हे मात्र करपलेलं, वर तेलाचा तवंग आणि मीठ दोनदा पडलेलं. रझियाआपाकडंही तसंच पोचायचं. आपानं पहिला घास घेतला, माझ्याकडं बघितलं, आणि पोरीला म्हणाली, "वाह! वोहीच हाथ है तेरे मम्मी का." पोरगी गेल्यावर तांब्याभर पाणी प्यायली. आम्ही दोघींनी ते खारट येसर महिनोन्‌महिने खाल्लं. पुढं पुढं ते चांगलं व्हायला लागलं, आणि मग तर खरोखरच मंगलच्या हातासारखं. तेव्हा मात्र आपाला ते गिळवेना. म्हणाली, "इस उमर में बच्ची के हाथ को माँ का स्वाद आना नै मंगता था."

एकदा घरोघर माणसं मोजायला एक मास्तर आले होते. मी ओट्यावर मटार सोलत बसलेले. त्यांनी फटीतून विचारलं, घरात किती जण? "चार," वकीलबाई म्हणाली आणि दार लावून घेतलं. मास्तर वळलेसुद्धा. मग दार पुन्हा उघडलं. "सर, तीन." त्या एका शब्दाला तिचा तो ठणठणीत आवाज नव्हता.

तिची आत्या यायची अधूनमधून, बापाची थोरली बहीण. माणूस वाईट नव्हे, पण जीभ सुटलेली. पोर्चमध्ये बसूनच सुरू व्हायची. "अजून लोळतीच का तुझी आई? आमी बी लेकरं मातीला दिली, पर असं अंथरूण नाय धरलं बाई. देवऋष्याकडं न्या म्हणते मी, नाय तर लई पस्तावाल."

"नेलं असतं आत्या," पोरगी म्हणाली, "पण देवऋष्याकडं बी चालत जावं लागतं. मम्मी मोरीपर्यंत चालत गेली तर मी गल्लीत पेढे वाटीन."

मी माझ्या ओट्यावर पदर तोंडाला लावला. हसू आलं होतं का रडू, आता सांगता येत नाही.

डिप्रेशन हा शब्द मला तिनं शिकवला. बापलेकीनं मंगलला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं, मनाच्या डॉक्टरकडं. गोळ्या सुरू झाल्या. गोळ्यांचा डबा पोरीच्या कॉलेजच्या पिशवीत असायचा, घरात नाही. का, ते मी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. एवढंच विचारलं, "गोळीनं उठंल का गं?" तर म्हणाली, "आजी, आपल्या नळासारखं आहे मम्मीचं. कधी येईल सांगता येत नाही. आलं की भरून घ्यायचं."

आमच्या गावाचं पाणी तुम्हाला ठाऊकच आहे. नळ आठ-आठ दिवस कोरडा. येणार येणार म्हणून बाया जाग्या राहतात आणि येतं भलत्याच वेळी. मग पिंप, बादल्या, पातेली, लोटे, असेल नसेल ते भरायचं. तसंच ती आईचं करायची. कधीतरी, महिन्यातून एखाद्या सकाळी, मंगल उठून बसायची. की हिची धावपळ सुरू! आंघोळ घालायची, केसांचा गुंता सोडवायचा, नखं काढायची, मामाला फोन लावून द्यायचा, ताजी भाकरी चारायची, खिडकी उघडून ऊन दाखवायचं. कॉलेज बुडालं तर बुडालं. रस्त्यापलीकडून मला खूण करायची, डोळे मोठ्ठे करून, की आलंय. दुपारपर्यंत मंगल पुन्हा भिंतीकडं वळायची. पोरगी दार लावून घ्यायची, चार बोटं फट ठेवून.

तिला रडताना कुणी पाहिलं नाही. कौतुक व्हायचं, "किती धीराची बाई!" मी एकदा कपडे वाळत घालायला गच्चीवर गेले. नळाला पाणी आलेलं, गल्लीभर मोटारी घरघरत होत्या. समोरच्या गच्चीवर टाकीच्या आडोशाला ही उकिडवी बसलेली, आणि तोंड आ वासून, लहान लेकरासारखी रडत होती. आवाज म्हणून येत नव्हता, मोटारींचाच सगळा. टाकी भरून वाहायला लागली तशी ती उठली, तोंड धुतलं आणि खाली जाऊन मोटार बंद केली. पुढं मी लक्ष ठेवायला लागले. प्रत्येक पाण्याच्या दिवशी तेच. ज्या गावात आठवड्यातून एकदा पाणी, तिथं तिच्या रडण्यालाही तेवढीच पाळी.

बारावी झाली. अशा घरात राहून पोरीनं मार्क चांगले काढले. नर्सिंगला पुण्यात नंबर लागला, होस्टेलसकट. बाप पेढे घेऊन माझ्याकडं आला. त्याला मी तेव्हा पहिल्यांदा एवढं बोलताना ऐकलं. "काकू, तुम्ही सांगा तिला. म्हणती मम्मी उठली की जाईन. मी तिला म्हणलं, तू जा माय, मी गाडी सोडून घरी बसतो. ऐकत नाय. एक लेकरू गेलं ते गेलं. हे तरी बाहेर पडू द्या या घरातून."

मी सांगितलं. रझियाआपानं सांगितलं. वकीलबाईनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आजी, एकदा पापड करून बघू."

तिचं गणित साधं होतं. मम्मी पडली पापडाच्या दिवशी. तर मम्मी उठेल ती पापडाच्याच दिवशी. पोर्चमध्ये बाया बसल्या, पीठ कुटण्याचा आवाज कानावर गेला, कुणी जाड पापड लाटला, तर मम्मीला राहवणार नाही. आतून ओरडेल तरी. मम्मी ओरडली की मी बॅग भरते, म्हणाली. जायची तारीख जवळ आली होती. या एका सकाळीवर तिनं सगळं लावलं होतं, आणि आम्हा बायांनाही, खोटं कशाला बोलू, ते पटलं होतं. आम्ही वाटून घेतलं. कुणी डाळीचं पीठ आणलं, कुणी मिरं-हिंग, कुणी तेल. रझियाआपानं तिचा मोठा दगडी खल आणून दिला.

पोर्च धुतला, चटया टाकल्या. मंगलच्या खोलीची खिडकी पोर्चमध्येच उघडते. वकीलबाईनं ती सताड उघडली आणि पलंगाची उशी त्या बाजूला केली. पीठ परातीत ओतलं. आणि मग सगळ्याजणी एकमेकींकडं बघायला लागलो.

पापडखार कुणीच आणला नव्हता.

विसरलो नव्हतो हो. चांगला लक्षात होता प्रत्येकीच्या. पण त्या घरासाठी तो शब्द उच्चारायचा कुणी? वाटणी करताना प्रत्येकीला वाटलं, दुसरी कुणीतरी न बोलता आणील. जन्मभर पापड केलेल्या बाया आम्ही, परातीत हात घालून बसलो आणि कुणाच्या तोंडून अक्षर निघेना.

वकीलबाईच्या ते ध्यानात आलं. ती हसली, आम्हाला मोकळं करावं म्हणून. आणि खिडकीला ऐकू जाईल अशा तिच्या त्या ठणठणीत आवाजात म्हणाली, "पापडखार राहिला होय? मी आणते पटकन."

"पैदल जा बेटा," रझियाआपा म्हणाली. पण पोरीला तेव्हा कशाचीच सबुरी नव्हती. दादूच्या मागं दुरुस्त करून आणलेली ती स्कुटी कोपऱ्यात झाकून ठेवली होती. तिनं कव्हर ओढलं. बापाची सक्त ताकीद होती, म्हणून खिळ्याचं ते हेल्मेट काढलं, धूळ पुसली, घातलं. गाडी दोन-तीनदा खोकली आणि सुरू झाली.

आत काहीतरी पडलं. आणि मंगल धावत बाहेर आली. अनवाणी, केस सुटलेले, पदर जमिनीवर. दोन वर्षं मोरीपर्यंत धरून न्यावी लागणारी बाई आमच्या पराती ओलांडून धावली. "दादू! थांब रे, दादू! घातलंस का रे टोपडं? घातलंस ना?" चौकापर्यंत जाणारा तोच आवाज. गल्लीची दारं उघडली. रझियाआपा "या अल्ला" म्हणत उठून उभी राहिली. फाटकाशी मंगलनं मागून त्याला मिठी मारली, हेल्मेटसकट डोकं छातीशी धरलं आणि रडायला लागली. दोन वर्षांत पहिल्यांदा. आम्हा सगळ्यांना वाटलं, सुटली. बाई सुटली.

पोरगी तशीच बसून होती. जागची हलली नाही. हेल्मेटची काच खाली होती, तिचं तोंड आम्हाला दिसत नव्हतं. मला अजूनही वाटतं, जमलं असतं तर ती तशीच जन्मभर बसली असती.

मंगलनं हातानं काच वर केली. बघितलं.

"तूच हायेस व्हय," म्हणाली.

रागानं नाही. माणूस दुसऱ्याच्याच घराचं दार ठोठावतो आणि मग ओशाळतो, तशी. हात काढून घेतले, पदर उचलला आणि परातीतून वाट काढत आत गेली. पलंग वाजला. आम्ही पीठ झाकलं.

खूप वेळानं वकीलबाई माझ्या ओट्यावर येऊन बसली. हेल्मेट मांडीवर. म्हणाली, "आजी, आज आलं होतं. पण माझ्यासाठी नव्हतं."

मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. ती रडली नाही. मोटारी बंद होत्या.

त्यानंतर मंगल जास्तच खोल गेली. जेवण सुटलं, गोळ्या बदलल्या. पुण्याची तारीख आली आणि गेली, त्या घरात त्याचा कुणी विषयसुद्धा काढला नाही. दारातली फट मात्र बारीक होत गेली. चार बोटांची दोन झाली. वाक्यही तुटत गेलं. "झोपलीय." पुढचं ती म्हणेना. मीच म्हणायचे, "उठली की सांग मात्र," तर मान हलवायची, नाहीतर नाही. पाण्याच्या दिवशी मी गच्चीवर जाऊन बघायचे. टाकी भरून वाहत राहायची, मोटार बंद करायला कुणी यायचं नाही. गच्ची रिकामी. रडणंसुद्धा संपलं, तेव्हा मला खरी भीती वाटली.

बापाचा भाऊ अजिंठ्याजवळ फर्दापूरला असतो. तिथं हॉटेलच्या गाडीवर काम आहे, जवळच्या जवळ, रोज घरी येता येईल, असं म्हणून बापानं इथलं घर सोडायचं ठरवलं. सामान टेम्पोत चढलं. मंगलला दोघांनी धरून पुढं बसवली. तिनं गल्लीकडं बघितलं नाही. वकीलबाई माझ्याकडं आली. हातात माझी वाटी, कधीची राहिलेली.

"आजी, रिकामीच आणली," म्हणाली.

"असू दे गं."

"काही करायला झालंच नाही."

मी वाटी ठेवून घेतली नाही. आत नेऊन तिच्यात बेसनाचे दोन लाडू घातले आणि तिच्याच हातात परत दिली. म्हटलं, आता ही तुझ्याकडं, भरून आण कधीतरी. ती वाटीकडं बघत राहिली, लाडू म्हणजे काय असतं ते आठवत असल्यासारखी. रझियाआपानं तिचं तोंड ओंजळीत धरलं, "वकीलसाहिबा, भूल मत जाना हमको." पोरगी हसली नाही. टेम्पो गेल्यावर आपा किती तरी वेळ म्हणत राहिली, "हँसी नै. देखा तुमने? हँसी नै."

आता त्या घरात दुसरं बिऱ्हाड आहे. तरुण जोडपं, दार सताड उघडं टाकून गाणी लावतात. बरं वाटतं, आणि नाहीही वाटत. या उन्हाळ्यात गल्लीत कुणी पापडाचं नाव काढलं नाही. दुकानातून आणले.

दिवाळीच्या आधी मी फोन लावला. तिचाच नंबर. सकाळ टळून गेली होती, उन्हं ओट्यावरून उतरली होती. फोन बराच वेळ वाजला. मग कुणीतरी उचलला, पण बोलेना. मी म्हटलं, "अगं वकीलबाई, मी आजी. कशी हायेस?"

तिकडून आवाज आला, तो तिचा नव्हता. बारीक, वापरात नसलेला, शब्द एकेक करून उचलून ठेवल्यासारखा. मला ओळखायला वेळ लागला. मंगल होती.

"काकू," म्हणाली. "झोपलीय ती."

पलीकडं पातेल्याचा आवाज आला, स्टोव्हचा आला. मंगल उठली होती. चूल पेटवली होती तिनं. ज्या गोष्टीसाठी त्या पोरीनं जीव आटवला ती झाली होती, आणि बघायला ती जागी नव्हती.

"आज लवकर झोपली का गं?" मी विचारलं. दिवसाढवळ्या. काय विचारलं माझं मला कळलं नाही.

मंगल म्हणाली, "उठली की सांगते."

"बरं," म्हटलं. "सांग मात्र."

फोन ठेवला. बाहेर नळाला पाणी आलं होतं, रझियाआपा हाका मारत होती, गल्लीभर मोटारी सुरू झाल्या होत्या. मी बादली लावली. दिवाळी होऊन गेली, संक्रांत होऊन गेली. अजून काही सांगणं आलेलं नाही.